‘पान’ या एका शब्दाची चौकशी: चोपडा तालुक्यातील एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पाचा अभ्यास

प्रकरण कसे उभे राहिले

तापीच्या उत्तर काठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या चोपडा तालुक्यातील एका केळीच्या गावातून आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या, द्वितीय वर्षात मराठी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी ‘पान’ हा शब्द निवडला. निवडीमागचे कारण घरगुती होते. तिचा मोठा भाऊ कामानिमित्त पोलंडला गेला होता आणि तेथून त्याने घरभाड्याच्या कराराचा एक फोटो कुटुंबाच्या गटावर पाठवला. त्या कागदावर त्याच्या नावाच्या आधी रोमन लिपीत ‘पान’ असे छापलेले होते. वडिलांना वाटले की पॅन कार्डाचा क्रमांक लिहायचा राहून गेला असावा, म्हणून त्यांनी मुलाला तातडीने क्रमांक कळवला. पोलिश भाषेत ‘पान’ म्हणजे ‘श्रीयुत’, आणि बाईमाणसाला ‘पानी’ म्हणतात, असा खुलासा भावाने केला. खाटेवर बसून विडा लावणाऱ्या आजीने तो ऐकला आणि विचारले, “तठे मन्हा नातूले पान म्हनतस? मंग माले काय म्हनतीन, पानी?”

आजीच्या अहिराणीत ‘पाणी’ हे ‘पानी’च असते, त्यामुळे तिचा प्रश्न अगदी योग्य जागी पडला होता. त्या रात्रीपासून मुलीने शोध सुरू केला आणि महिन्याभराने तिने जो तक्ता माझ्यापुढे ठेवला, त्याची चौकशी म्हणजेच हे प्रकरण आहे.

तक्ता आणि त्यातील दावा

तक्त्यात सात ओळी होत्या. मराठी आणि हिंदीतील पान, म्हणजे झाडाचे पर्ण आणि विड्याचे पान. पोलिशमधील पान, म्हणजे श्रीयुत. स्पॅनिश आणि जपानीतील पान, म्हणजे पाव. चिनीतील पान, म्हणजे ताट. ग्रीकमधील पान, म्हणजे सर्व. आणि इंग्रजीतील पॅन, म्हणजे पसरट भांडे. तक्त्याखाली तिने निष्कर्ष लिहिला होता की हे सर्व शब्द संस्कृत ‘पर्ण’ या एकाच मुळापासून निघाले आहेत. अर्थांची सांगडही तिने घातली होती: पानावर जेवतात, म्हणून पान म्हणजे ताट, पानावर वाढतात तो पाव, विड्याचे पान मानाच्या माणसाला देतात, म्हणून पान म्हणजे श्रीयुत, आणि पंगतीला सर्वांची पाने मांडतात, म्हणून पान म्हणजे सर्व. प्रस्तावनेत तिने असेही म्हटले होते की ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि आपले शब्द जगभर गेले असल्याचा हा पुरावा आहे.

पहिल्या वाचनात मी या निष्कर्षावर लाल शाईने ‘अमान्य’ असे लिहिले. दुसऱ्या वाचनात मला तो शेरा घाईचा वाटू लागला. निष्कर्ष चुकीचा होता, परंतु तक्त्यातील सगळीच सामग्री निराधार नव्हती. त्यातील काही ओळी एकमेकींच्या सख्ख्या नातलग होत्या, फक्त तिने सांगितलेल्या नात्याने नव्हत्या. शिवाय जे खरे नातलग तक्त्यात हवे होते, ते त्यात नव्हतेच, कारण ते कानाला ‘पान’सारखे वाटत नाहीत. शेरा खोडून मी तिला प्रत्येक ओळीसाठी काही प्रश्नांची उत्तरे आणायला सांगितले. हा शब्द त्या भाषेत किती जुना आहे? त्याचे आधीचे रूप काय होते? तो आपल्याकडून गेला असेल, तर कोणत्या वाटेने आणि कोणाबरोबर गेला? आणि ध्वनींत जो बदल झाला असे आपण म्हणतो, तसाच बदल त्या भाषेतील इतर शब्दांतही झालेला दिसतो का?

आपलेच पान आधी

चौकशी घरापासून सुरू केली. कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ आमच्या ग्रंथालयात आहे. त्यात आणि भारतीय आर्यभाषांच्या टर्नर यांच्या तौलनिक कोशात आपल्या शब्दाची वाट स्पष्ट दिसते: संस्कृत पर्ण, प्राकृत पण्ण, मराठी पान. जोडाक्षरातील र पुढच्या वर्णात विरून त्याचे द्वित्त होते, पुढे ते द्वित्त सुटे होते आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबतो. हा बदल एकट्या पान शब्दाचा नाही. कर्णाचा कण्ण होऊन कान झाला, सप्ताचा सत्त होऊन सात झाला, हस्ताचा हत्थ होऊन हात झाला, कर्माचा कम्म होऊन काम झाले. आजीच्या पानपुड्यातील चुनाही याच वाटेने आलेला आहे, कारण चूर्णाचे चुण्ण होऊन त्याचा चुना झाला. पान आणि चुना विड्यात एकत्र येतात, त्याच्या कितीतरी आधी ते दोघे एकाच ध्वनिनियमातून एकत्र गेले होते, हे ऐकून त्या मुलीचे डोळे चमकले. मला स्वतःलाही या शास्त्राची गोडी अशाच एका जोडीने लागली होती.

येथे ‘पानी’चा प्रश्न पुन्हा समोर आला. विद्यार्थिनीचा युक्तिवाद असा होता की पान आणि पानी यांचे मूळ एकच असले पाहिजे, कारण पानात पाणी असते आणि दोन्हींत न आहे. अहिराणीपुरते पाहिले तर हे म्हणणे खोडणे अवघड आहे, कारण अहिराणीत ण च्या जागी सर्रास न येतो आणि दोन शब्दांतील फरक पुसला जातो. प्रमाण मराठीने मात्र हा फरक जपला आहे. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या जडणघडणीवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की प्राकृतातील दुहेरी ण्ण मराठीत न होतो, तर दोन स्वरांमधला एकेरी ण हा ण म्हणूनच टिकतो. म्हणून पण्णाचे पान झाले, कण्णाचा कान झाला, सुवण्णाचे सोने झाले. आणि याउलट पानीयाचे पाणिअ होऊन पाणी झाले, खानीची खाण झाली, लवणाचे लोण झाले, जनाचा जण झाला. पानगळ आणि पाणवठा हे शब्द शेजारी ठेवले, की पानाचा न आणि पाण्याचा ण वेगवेगळ्या वाटांनी आल्याचे दिसते.

मोबाइलवर आपण रोमन लिपीत मराठी लिहितो, तेव्हा ‘पण’ आणि ‘पान’ एकसारखेच दिसतात. त्या ‘पण’चे मूळ ‘पुनः’ आहे. प्राकृतात त्याचे पुण झाले आणि एकेरी असल्यामुळे त्याचा ण टिकून राहिला. नियम किती काटेकोर आहे, हे अशा लहानशा शब्दात जास्त चांगले कळते.

मद्यपान आणि स्तनपान यांतील ‘पान’ पिण्याचे आहे, तरी त्यात ण कसा नाही, हा प्रश्न विद्यार्थिनीने आपणहून विचारला, ही या प्रकल्पातील मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट होती. ते शब्द लोकांच्या तोंडी शतकानुशतके झिजत आलेले नाहीत. ते संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले आहेत, म्हणून त्यांना प्राकृताचा नियम लागू होत नाही. म्हणजे खुद्द मराठीतच एकाच रूपाचे आणि वेगळ्या कुळांचे दोन ‘पान’ नांदतात. एका भाषेच्या आत असे होऊ शकते, तर जगातील हजारो भाषांत ते किती वेळा होत असेल, याचा अंदाज तिला येथेच आला.

पावाच्या ओळी

स्पॅनिश आणि जपानी या ओळींवर आम्ही सर्वाधिक वेळ दिला, कारण त्या दोन ओळींत खरे नाते होते. लॅटिनमध्ये भाकरीला ‘पानिस’ म्हणत. त्यापासून स्पॅनिशमध्ये पान झाले आणि पोर्तुगीजमध्ये ज्याचा उच्चार साधारण ‘पाँव’ असा नासिक्य होतो, तो शब्द झाला. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचले आणि त्या शतकात त्यांच्या गलबतांबरोबर हा शब्द जपानीत शिरला. जपानीने त्यातील नासिक्य ध्वनीचा न केला. जपानीच्या इतिहासात शब्दारंभीचा प बदलून पुढे ह सारखा झाला आहे, त्यामुळे आजच्या जपानीत प ने सुरू होणारा शब्द दिसला, की तो बाहेरून आलेला किंवा ध्वन्यनुकरणात्मक असण्याची शक्यता फार मोठी असते. म्हणजे जपानी ‘पान’ परका असल्याची खूण त्याच्या पहिल्याच अक्षरात आहे. पुढे कोरियनमधील ‘प्पांग’ हा शब्दही जपानीकडूनच गेला.

त्याच पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५३४ मध्ये वसई मिळवली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकून घेईपर्यंतच्या दोन शतकांत कोकण किनाऱ्यावर त्यांची भट्टी आणि त्यांचा शब्द दोन्ही रुजले. आपला ‘पाव’ तो हाच. मराठीने नासिक्यता सोडली आणि शेवटचा व ठेवला. जपानीने व सोडला आणि नासिक्यता ठेवली. पावशेरातला पाव मात्र वेगळा असून तो संस्कृत ‘पाद’ पासून आला आहे.

येथे तक्त्याची बाजू उलटली. जपानी ‘पान’ हा मराठी ‘पान’चा कोणी लागत नाही, पण मराठी ‘पाव’चा तो सख्खा भाऊ आहे. जे शब्द कानाला एक वाटतात ते परके निघाले, आणि जे कानाला वेगळे वाटतात ते एका आईचे निघाले. जळगावात हातगाडीवर वडापाव खाणाऱ्या मुलाच्या आणि जपानमधल्या बेकरीसमोर उभ्या असलेल्या मुलाच्या तोंडी एकच लॅटिन शब्द दोन वेषांत आहे, हे मला आजही विलक्षण वाटते.

शब्दांची ने-आण एकाच दिशेने झाली नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. विड्याच्या पानाला इंग्रजीत जो ‘बीटल’ शब्द आहे, तो मलयाळममधील ‘वेट्टिला’ या शब्दावरून पोर्तुगीजांमार्फत युरोपात गेला. खान्देशात बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पानमळे राखले, नागवेलीला ऊन-वारा लागू नये म्हणून जपले, तरी त्या पानाचे युरोपीय नाव मात्र मलबारच्या बंदरातून निघाले, कारण जहाजे तेथे लागत होती.

चिनी ताटाचा मोह

सर्वांत अवघड ओळ चिनी होती. तेथे केवळ ध्वनीच नव्हे, तर अर्थही जवळ आला होता. आपण ‘पाने मांडली’ म्हणतो, तेव्हा खाली केळीचे पान असो वा स्टीलचे ताट, ते जेवणाचे पानच असते. थंडीच्या दिवसांत शेतावर भरिताचा बेत ठरला, की भरीत आणि पुऱ्या केळीच्या पानावरच वाढल्या जातात. विद्यार्थिनीला ही ओळ सोडवेना आणि मी तिला दोष देऊ शकलो नाही.

या ओळीचा निकाल काळाने लावला. चिनीत ‘पान’ हे पसरट भांड्याचे नाव फार जुने आहे आणि चीनमधील प्राचीन कांस्य भांड्यांत या नावाचा एक स्वतंत्र प्रकारच आहे. ती भांडी ओतली जात होती, तेव्हा आपल्याकडे ‘पान’ हा शब्द जन्मालाच आलेला नव्हता. तेव्हा तो ‘पर्ण’ होता, मधल्या र सकट. चिनी शब्दाचेही आजचे रूप जुने नाही: मध्ययुगीन चिनीत त्याच्या आरंभी ब सारखा घोष वर्ण होता. आज रोमन लिपीत तो ‘प’ने लिहिला जात असला, तरी त्याचा उच्चार महाप्राण, म्हणजे आपल्या ‘फ’च्या जवळचा आहे. दोन माणसे वेगवेगळ्या गावांहून निघून एखाद्या फाट्यावर योगायोगाने समोरासमोर यावीत, तसे हे दोन शब्द आज समोरासमोर आले आहेत. त्यांचे मागचे प्रत्येक पाऊल पाहिले, तर ते एकमेकांपासून दूरच जाते.

असे योगायोग घडतात याची खात्री पटावी म्हणून मी तिला आपल्याच वापरातले उदाहरण दिले. बदनाम, बदसूर यांतील फारसी ‘बद’ आणि इंग्रजीतील ‘बॅड’ यांचा अर्थ एक, उच्चार जवळपास एक, आणि तरीही त्यांच्यात कोणतेही नाते नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या म्बाबाराम या भाषेत कुत्र्याला ‘डॉग’च्या जवळचा शब्द होता आणि त्याचाही इंग्रजीशी संबंध नव्हता. प, आ आणि न हे ध्वनी जगातील बहुतेक भाषांत आढळतात. इतक्या सुलभ ध्वनींचा एवढासा शब्द अनेक भाषांत न सापडता, तरच नवल होते.

अर्थाच्या साम्याचेही तसेच आहे. मराठीत झाडाचे पान वहीचे पान झाले. इंग्रजीतही ‘लीफ’ दोन्हींसाठी चालतो. चिनीतही पर्ण आणि पृष्ठ यांचे शब्द एकाच उच्चाराचे आहेत. आणि अरबीतील ‘वरक’ म्हणजे पर्णही आणि कागदाचा ताही. फारसीतून तोच शब्द आपल्याकडे ‘वरख’ होऊन मिठाईवर आला. कोणी कोणाचे पाहून हे केले असे मानण्याची गरज नाही, कारण पातळ, सपाट आणि उलटता येणारी वस्तू पाहिली, की माणसाला पान आठवते. आपण पत्र या पर्णवाचक शब्दापासून छपराचा ‘पत्रा’ केला, तोही याच दृष्टीने.

उरलेल्या ओळी

ग्रीक ‘पान’ हे ‘सर्व’ या अर्थाच्या विशेषणाचे नपुंसकलिंगी रूप आहे आणि पँडेमिक या शब्दामुळे ते अलीकडे घरोघरी पोहोचले. ग्रीक आणि संस्कृत एका कुळातील असल्या, तरी या रूपाचा पर्णाशी संबंध नाही. इंग्रजी ‘पॅन’ जुन्या इंग्रजीतील ‘पान्ने’ पासून आला आहे, आणि वडिलांना आठवलेले पॅन कार्ड तर केवळ तीन शब्दांच्या आद्याक्षरांचे आहे.

पोलिश ‘पान’ची ओळ भावामुळे जिव्हाळ्याची होती. पोलिश आणि मराठी दोन्ही भारत-युरोपीय कुळातील आहेत, म्हणून येथे नाते असू शकेल अशी आशा तिने धरली होती. परंतु या शब्दाच्या मूळ स्लाव्ह रूपात प च्या आधी आणखी एक व्यंजन होते आणि जुन्या चेकमध्ये तो ‘ह्पान’ असा आढळतो. पर्णाच्या वाटेवर असे व्यंजन कोठेही नाही. ‘पानी’ हे त्याचेच स्त्रीलिंगी रूप. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळीवडे येथे हजारो पोलिश निर्वासित राहत होते, म्हणजे पोलिश ‘पानी’ आणि मराठी ‘पाणी’ एका वस्तीत नांदून गेले आहेत, हे तिला सांगितले तेव्हा तिने ते लगेच भावाला कळवले.

जे नातलग तक्त्यात नव्हते

शेवटी पर्णाचे खरे नातलग शोधले. ‘पर्ण’चा अर्थ संस्कृतात पान असा आहे आणि पीस असाही आहे, म्हणूनच गरुडाला सुपर्ण म्हणतात. लिथुआनियन भाषेत पंखाला ‘स्पार्नास’ म्हणतात आणि तो या शब्दाचा नातलग आहे. पित्याचा फादर आणि पादाचा फूट ज्या नियमाने होतो, त्याच नियमाने जर्मनिक भाषांत प चा फ झाला, आणि त्यामुळे पर्णाचा इंग्रजी भाऊ ‘फर्न’ आहे, पिसासारख्या पानांची वनस्पती. वैदिक भाषेत पर्ण हे पळसाचेही नाव होते. सातपुड्यातून येणाऱ्या पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर जेवलेल्या त्या मुलीला ही माहिती कोणत्याही जागतिक दाव्यापेक्षा अधिक जवळची वाटली.

प्रकल्पाचे पुढे काय झाले

सुधारित प्रकल्पातून अभिजात दर्जाविषयीचे वाक्य तिने काढून टाकले नाही. तिने ते हलवून पण्ण आणि चुण्ण यांच्या परिच्छेदाखाली ठेवले, आणि ती जागा मला योग्य वाटली. महाराष्ट्री प्राकृतापासून आजीच्या पानपुड्यापर्यंतची अखंड साखळी हा मराठीच्या प्राचीनतेचा पुरावा आहे आणि त्याला पोलंड-जपानच्या साक्षीची आवश्यकता नाही. तक्त्यातील अर्थांची सांगड तिने स्वतःच्या हाताने खोडली, मात्र मूळ तक्ता परिशिष्टात तसाच ठेवला.

एक मतभेद आमच्यात राहिला. पान-पाणी यांच्या प्रकरणात प्रमाण मराठीने फरक जपला आणि अहिराणीने तो पुसला, असे मी शिकवले. तेव्हा तिने विचारले की मग अहिराणीने जपलेले आणि मराठीने पुसलेले काहीच नसेल का. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात १९०७ च्या खंडात खान्देशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ल भाषांबरोबर स्वतंत्रपणे नोंदवले आहे, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दाच्या अभ्यासातून मिळणार नाही. तिने पुढच्या सत्रासाठी नवी वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर आजीच्या तोंडचे शब्द उतरवले आहेत: पानी, कोन, डोया, काया, आणि प्रत्येक शब्दासमोर प्राकृत रूपासाठी एक रकाना सध्या मोकळा ठेवला आहे.